कॅनडाला जायचे आहे, की या घरातून निघायचे आहे?

"मॅडम, परदेशात स्थायिक झालो तर आमचे राहणीमान खरोखर सुधारेल का, की इथले बरे चाललेले आयुष्यही हातचे जाईल?" नागपुरातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न घेऊन येणारी माणसे बहुधा तिशी ओलांडलेली, बऱ्या पगाराची आणि स्वतःच्या घरात राहणारी असतात. पोटापाण्यासाठी देश सोडणाऱ्याचा प्रश्न कठीण असला तरी सरळ असतो. यांच्यापाशी मात्र इथेच राहण्याची सोय असते, आणि त्यामुळेच त्यांचा निर्णय वर्षानुवर्षे लोंबकळतो. असेच एक जोडपे माझ्याकडे आले होते. त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, त्यांच्याविषयी लिहीत आहे.

पती छत्तीस वर्षांचे, मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत. पत्नी दंतवैद्य, प्रतापनगरात त्यांचे स्वतःचे छोटे क्लिनिक. मुलगी तिसरीत. त्रिमूर्तीनगरातील दुमजली घरात सासू-सासऱ्यांसह एकच स्वयंपाकघर, आणि काटोलजवळ सासऱ्यांची संत्र्याची बाग. कॅनडातील कायम वास्तव्याच्या परवान्याचा, म्हणजे पीआरचा, विषय घरात दोन वर्षे चालू होता, आणि आता तो भांडणापर्यंत पोहोचला होता, कारण एका एजंटाने पतींना सांगितले होते की वय वाढत आहे, याच वर्षी अर्ज केला नाही तर दार कायमचे बंद होईल. त्याची फी आणि पुढचा खर्च भागवण्यासाठी बेसा भागातील प्लॉट विकण्याचीही बोलणी सुरू झाली होती.

घाईत घेतलेल्या निर्णयाचे समुपदेशन करता येत नाही, म्हणून प्रथम या घाईकडेच पाहावे असे मला वाटले. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या, गुणांवरून पीआरसाठी निवड करणाऱ्या पद्धतीत उमेदवाराला एकूण १२०० पैकी गुण मिळतात आणि त्यात वयाचे गुण असतात, हे खरे आहे. जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २० ते २९ या वयात पूर्ण १०० गुण मिळतात, तिशीनंतर चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला ५ गुण कमी होतात, पुढे ही घसरण दुप्पट होते आणि पंचेचाळिशीला वयाचा एकही गुण उरत नाही. म्हणजे एक वर्ष थांबल्याने या गृहस्थांचे ५ गुण जाणार होते. निवड कधी कधी थोड्याच गुणांच्या फरकाने हुकते, तेव्हा ५ गुणही क्षुल्लक नव्हेत. पण आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत ऐकण्याच्या भागात ८ आणि वाचन, लेखन व संभाषणात प्रत्येकी ७ एवढा टप्पा गाठला, तर भाषेचे आणि पदवी-अनुभवाला जोडून मिळणारे गुण इतके वाढतात की एका वाढदिवसाचे नुकसान सहज भरून निघते. शिवाय हा अर्ज कोणालाही स्वतः ऑनलाइन करता येतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने अर्ज चालवण्याचा अधिकार तेथील परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे, आणि त्यांच्यापैकी कोणीही निवडीची हमी देऊ शकत नाही. कॅनडाने २०२५ साठी कायम रहिवाशांचे उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले, ही बातमी तर एजंटाने सांगितलीच नव्हती. हे सगळे कागदावर मांडल्यावर पती म्हणाले, "म्हणजे वर्षभर विचार केला तरी आभाळ कोसळून नाही राहिलं." त्यानंतर आमचे काम सुरू झाले.

मी दोघांना वेगवेगळे भेटले आणि दोघांना एकच लेखी प्रश्न दिला: कॅनडात गेल्यावर तुमच्या साध्या, सुट्टी नसलेल्या दिवसात नेमके काय बदललेले तुम्हाला हवे आहे? पतींच्या उत्तरात स्वच्छ रस्ते, शिस्तीची वाहतूक आणि धूळ नसलेली हवा होती. नागपूरच्या ४५ अंशांपुढच्या उन्हाळ्यापासून सुटकाही होती. पण अर्धे पान संध्याकाळविषयी होते. त्यांचा ग्राहक अमेरिकेतला, त्यामुळे साडेसहाला सुरू होणारे कॉल रात्री साडेअकराला संपत, आणि मुलगी झोपलेली असे. कॅलगरीत राहणारा त्यांचा कॉलेजचा मित्र पाच वाजता लॅपटॉप मिटतो, ही त्यांच्या दृष्टीने कॅनडाची सर्वांत मोठी श्रीमंती होती.

पत्नींच्या कागदावर यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. त्यांनी लिहिले होते: सकाळी चहा कधी ठेवायचा ते मी ठरवेन, क्लिनिकमधून उशिरा आले तर कोणी घड्याळाकडे पाहणार नाही, मुलीला काय खाऊ घालायचे यावर रोज चर्चा होणार नाही, माहेरची माणसे आली तर परवानगी लागणार नाही. त्यात बर्फ, पगार, पासपोर्ट यांचा उल्लेखही नव्हता. त्या कागदावरून कॅनडा हा शब्द काढून वर्धा रोडवरील एखाद्या वसाहतीचे नाव टाकले असते, तरी एकही ओळ बदलावी लागली नसती.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत याचे एक कारण आहे आणि ते उघडपणे क्वचितच बोलले जाते. धाकटे जोडपे त्याच शहरात वेगळे राहायला गेले, तर सून "घर फोडणारी" ठरते आणि मुलगा "बायकोच्या ऐकण्यातला". तेच जोडपे बारा हजार किलोमीटर दूर गेले, तर सासूबाई शेजारीपाजारी पेढे वाटतात. अंतर जितके जास्त तितकी प्रतिष्ठा जास्त, असा हा उलटा हिशेब आहे, आणि त्यामुळे वेगळे राहण्याची साधी, मानवी इच्छा पुष्कळदा स्थलांतराचा वेश घेऊन समोर येते. त्यात ढोंग नसते. ज्यांची ती इच्छा असते त्यांनाही ती दिसत नाही. या पत्नी स्वतःचा कागद वाचून बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे तर मी त्यांना कधी म्हटलंच नाही. कॅनडा म्हणणं सोपं होतं."

सोपे ते त्यांच्यासाठी सर्वांत महाग होते. पतींचे काम तेथे पहिल्या दिवसापासून नाही, तरी काही महिन्यांत सुरू होण्यासारखे होते. दंतवैद्याचे तसे नसते. भारतातील बीडीएस पदवीवर कॅनडात थेट व्यवसाय करता येत नाही. राष्ट्रीय दंतपरीक्षा मंडळाकडे आधी कागदपत्रांची पडताळणी, मग मूलभूत ज्ञानाची परीक्षा, त्यानंतर वैद्यकीय निर्णयक्षमतेची आणि प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा, मग परवान्यासाठीची परीक्षा, असा क्रम असतो, नाहीतर तेथील दंतमहाविद्यालयात पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. शुल्क भरपूर, काळ काही वर्षांचा. दहा वर्षांत जमवलेले रुग्ण, खुर्ची आणि स्वतःच्या नावाची पाटी सोडून त्यांना अभ्यासाच्या टेबलावर परत बसायचे होते, आणि तेही स्वयंपाक, धुणीभांडी आणि मुलीची शाळा इथल्या कामवाल्या मावशींशिवाय सांभाळून. ज्या स्वातंत्र्यासाठी त्या जायला निघाल्या होत्या त्याचा आर्थिक आधारच त्या इथे सोडून जाणार होत्या. दोन वर्षांच्या चर्चेत हा मुद्दा "तिचं नंतर पाहू" या तीन शब्दांत आटोपला होता. माझ्या अनुभवात "नंतर पाहू" हे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्याच व्यक्तीने स्थलांतराची किंमत मोजलेली असते, आणि ती व्यक्ती बहुधा पत्नी असते.

पतींची मात्र एक वेगळी अडचण होती. त्यांच्याजवळ तेथील आयुष्याची माहिती होती ती मित्राच्या फोटोंची. मित्राला "कसं चाललंय" विचारले की "मस्त" याशिवाय दुसरे उत्तर येत नाही. तसे विचारणेही व्यर्थ असते. म्हणून आम्ही काही नेमके प्रश्न तयार केले: घरभाडे, गाडीचा विमा आणि किराणा गेल्यावर महिन्याला किती उरते? ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळायला किती काळ लागला? रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला तर पहिला फोन कोणाला करतोस? जानेवारीतल्या एखाद्या रविवारी दिवसभर काय करतोस?

मित्राने तासभर मोकळेपणाने उत्तरे दिली, आणि ती सगळी एका बाजूची नव्हती. रात्रीच्या तापाला तो ८११ क्रमांक फिरवतो, आल्बर्टा प्रांताच्या आरोग्यसेवेतील परिचारिका फोनवर येते आणि घरी थांबावे की रुग्णालयात जावे ते विनामूल्य सांगते. याचे पतींना फार अप्रूप वाटले, आणि ते वाजवी होते. फॅमिली डॉक्टरसाठी मात्र त्याने दीर्घकाळ वाट पाहिली होती. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, पारा कधी कधी उणे ३० पर्यंत उतरतो, घरासमोरचा बर्फ स्वतःच उपसावा लागतो. पाच वाजता काम संपते हे खरे, पण पुढचा वेळ घरकामात जातो. "तरी मी परत येणार नाही," असेही तो म्हणाला. पतींनी ते वाक्य दोनदा सांगितले, आणि त्याला वजन देणे भाग होते. मित्र सुखी होता. प्रश्न एवढाच होता की त्याच्या सुखाच्या अटी या घराला लागू पडतात का. त्याची पत्नी त्याच्यासारखीच संगणक क्षेत्रातली होती, आणि त्याचे आईवडील त्याच्या थोरल्या भावाजवळ अमरावतीला होते.

इथे भाऊ नव्हता. म्हणून सासरेबुवांना मी एकट्यांना बोलावले. "तुम्ही जा, आमची चिंता करू नका," हे वाक्य त्यांनी घरात म्हटले होते, आणि अशी उदार वाक्ये तपासून पाहावीत असे माझे मत आहे, कारण त्यानंतर कोणी काही विचारत नाही. ते शांतपणे बोलले. आजारपणाची त्यांना भीती नव्हती. "दवाखान्यात न्यायले शेजारी आहेत," ते म्हणाले, "पण बागेचं काय? आंबिया बहाराच्या वेळेस पाण्याचा ताण कधी तोडायचा, हे त्याले अजून कळत नाही, अन् मी अजून किती वर्षं बागेत जाईन?" (झाडांना फुलोरा यावा म्हणून आधी पाणी तोडतात; ते पुन्हा कधी सोडायचे हा अनुभवाचा भाग.) बाग मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला सांभाळायला, द्यावी असे त्यांच्या मनात कधीचे होते, मुलाला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नव्हते. मुलाने कधी विचारले नव्हते, कारण वडिलांना वाईट वाटेल.

त्या भेटीतून कायद्याचा एक उपयोगी मुद्दा निघाला. पीआर घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, आणि पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याची अट पाळली तर तो परवाना टिकतो. न जमल्यास परतही येता येते. परदेशी नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचे कार्ड मिळते, पण मतदान करता येत नाही. शेतजमिनीचे बंधन तर त्याआधीच सुरू होते: परदेशी स्थायिक झालेला माणूस, भारतीय नागरिक असला तरी, इथे नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही, वारशाने आलेली ठेवू शकतो. म्हणजे काटोलची बाग मुलाकडे येऊ शकत होती, पण एकदा विकली तर परत घेणे सोपे नव्हते. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा असतो, त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि मधुमेह-रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला तो स्वस्तात मिळत नाही.

मी त्यांना जा किंवा जाऊ नका असे सांगितले नाही. ते माझे कामही नाही. एक क्रम मात्र सुचवला. ज्या इच्छांना पासपोर्ट लागत नाही त्या आधी इथेच पूर्ण करून पाहाव्यात, आणि त्यानंतरही परदेशाची जी ओढ उरेल तिच्यावरच निर्णय घ्यावा. याने ओढ संपेलच असे नाही. काहींची वाढते, आणि अशी माणसे गेल्यावर तेथे चांगली रुजतात, कारण ती कशापासून पळून गेलेली नसतात.

पतींनी ग्राहक बदलून मागितला. पहिल्यांदा नकार आला, काही महिन्यांनी ब्रिटिश ग्राहकाचे काम मिळाले, आणि ते आता आठ-साडेआठला मोकळे होतात. घरातला प्रश्न अधिक अवघड होता. दोन संयुक्त बैठकांत बरेच रडणे झाले, सासूबाई एका बैठकीतून उठूनही गेल्या. शेवटी वरच्या मजल्यावर वेगळे स्वयंपाकघर झाले. मनीषनगरात फ्लॅट भाड्याने घ्यावा, असे पत्नींना अजूनही वाटते, आणि तो विषय बंद झालेला नाही. सासूबाईंनी नातेवाइकांना वेगळ्या स्वयंपाकघराचे कारण "मुलीच्या शाळेची घाई" असे सांगितले. ते कोणी दुरुस्त केले नाही, मीही केले नाही.

वर्षाअखेर पत्नींची ओढ बरीच ओसरली होती. पतींची ओसरली नव्हती. संध्याकाळ मिळाल्यावरही मुलीला मोकळ्या जागा आणि नियम पाळणारा समाज मिळावा, ही त्यांची इच्छा तशीच होती, आणि आता ती थकव्यातून आलेली आहे असे म्हणता येत नव्हते. त्यांनी आयईएलटीएस दिली, स्वतःच प्रोफाइल भरली. पत्नींनी त्याला होकार दिला तो एका अटीवर: त्यांच्या पदवीची पडताळणी इथूनच पूर्ण व्हावी, पहिल्या परीक्षेचा अभ्यास क्लिनिक चालू ठेवून व्हावा, आणि निवडीचे पत्र आले तरी हे दोन टप्पे होईपर्यंत क्लिनिक बंद करायचे नाही. बेसाचा प्लॉट विकायचा नाही, बाग तीन वर्षांच्या मक्त्याने द्यायची, आणि पतींच्या प्रत्येक वाढदिवसाआधी चौघांनी बसून पुन्हा विचार करायचा, असे लेखी ठरले आहे. पडताळणीची कागदपत्रे गेली आहेत. उत्तर अजून यायचे आहे.