इंग्लंडमध्ये मनोरुग्णांच्या घरी जाऊन करायची नर्सिंग: साताऱ्याच्या एका सिस्टरांना उत्तर

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे काम केल्यावर आणि दहिवडी, पाटण येथील ओपीडीला जाण्याचा अनुभव गाठीशी असताना इंग्लंडला मानसिक आरोग्याच्या शाखेतून यावे की बहुतेक जण येतात तसे जनरल वॉर्डाच्या वाटेने. आल्याआल्या रुग्णांच्या घरी जाऊन करायची कम्युनिटीची नोकरी मिळेल का. आणि यजमानांना व मुलीला सोबत आणता येईल का. मी मूळचा मिरजेचा. शिक्षण तिथलेच, पुढे काही वर्षे सांगली-मिरजेत ब्रदर म्हणून काढली आणि आता उत्तर इंग्लंडमध्ये एका कम्युनिटी मेंटल हेल्थ टीममध्ये काम करतो.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर अर्ज भरतानाच द्यावे लागते. इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नर्सिंगच्या चार शाखा आहेत: प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आरोग्य. आपल्याकडे जीएनएम ही नर्सिंगची पदविका असो वा बीएस्सी, सगळे विषय एकत्र शिकवले जातात आणि ड्युटी लागेल तिथे आपण उभे राहतो, त्यामुळे शाखा निवडायची असते हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. इथे कौन्सिलची संगणकावरची परीक्षा आणि इथे आल्यावरची प्रात्यक्षिक परीक्षा, जिला सगळे ऑस्की म्हणतात, या दोन्ही तुम्ही अर्जात लिहिलेल्या शाखेच्या असतात, आणि नंतर वॉर्डाची बदली मागावी तशी शाखा बदलून मिळत नाही. एजंटांकडे मागणी मुख्यतः प्रौढ शाखेची असते, म्हणून ते तीच सुचवतात. तुमचा अनुभव पाहता तुम्ही मानसिक आरोग्याचीच शाखा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र उचलणे-पालटणे कमी म्हणून ही शाखा सोपी पडेल, असे कोणी सांगितले असेल तर ते मनातून काढून टाका.

भाषेच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. आयईएलटीएस दिलीत तर लेखनात ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ गुण लागतात. ओईटी, म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिलीत तर लेखनात सी प्लस आणि इतरत्र बी श्रेणी पुरते. ओईटीतले प्रसंग दवाखान्यातले असल्यामुळे आपल्या सिस्टरांना ती जवळची वाटते. तयारीचे क्लास सांगली-कोल्हापुरात आहेत, पुण्यात तर पुष्कळच आहेत. तो विषय मी इथेच सोडतो.

ऑस्कीवर मात्र थांबावे लागेल. तिची दहा स्थानके, म्हणजे एकामागून एक द्यायच्या दहा छोट्या परीक्षा, असतात. त्यांपैकी चार एकाच रुग्णाभोवती गुंफलेली असतात, म्हणजे तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष काम आणि मूल्यमापन. मानसिक आरोग्याच्या शाखेत पहिल्या स्थानकावर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती समोर असते आणि तिच्याशी बोलून तुम्हाला तिची मनःस्थिती व धोका जोखायचा असतो. इंजेक्शन, नाडी, रक्तदाब यांत आपले हात तयार असतात. आपण अडखळतो ते बोलण्यात. आपल्या ओपीडीत आपण नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारतो, “हल्ली काही बरेवाईट बोलते का?” इथे तो प्रश्न रुग्णालाच, नजरेला नजर देऊन, आडवळण न घेता विचारावा लागतो: जीव द्यावासा वाटतो का, कसा द्यायचा हे ठरवले आहे का, त्यासाठी काही जमवून ठेवले आहे का. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खोटी आहे; सरळ विचारलेल्या माणसाला बहुधा सुटल्यासारखे वाटते. हा सराव आजपासून, साताऱ्यात, मराठीतच सुरू करा. जीभ एकदा सैल झाली की इंग्रजी वाक्ये पाठ करायला फार वेळ लागत नाही.

आता घरी जाऊन करायच्या कामाविषयी. याची सुरुवात इथे १९५४ साली झाली. लंडनच्या दक्षिणेला असलेल्या वॉर्लिंगहॅम पार्क या मनोरुग्णालयाने घरी सोडलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी आपल्या दोन नर्सेसना बाहेर धाडले. पुढे मोठी मनोरुग्णालये एकामागून एक बंद होत गेली आणि हा कामाचा मुख्य प्रवाह झाला. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये अजून आहेत आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून उपचार खाली नेण्याचा प्रयत्न करतो आहे. दिशा एकच आहे. फरक आहे तो नातेवाइकांचा. दहिवडीला तुमच्यासमोर येणाऱ्या रुग्णासोबत आई, भाऊ, निदान शेजारी तरी असतो. गोळ्या कोण देते, शेवटचा जेवला कधी, हे तुम्हाला त्यांच्याकडून कळते. इथे माझ्या यादीतले कितीतरी रुग्ण सरकारी सदनिकेत एकटे राहतात आणि आठवड्याभरात त्यांच्या दाराची घंटा वाजवणारा माणूस मीच असतो.

असा एक नेहमीचा फेरा सांगतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थांना ठरावीक दिवसांनी डेपो इंजेक्शन, म्हणजे ज्याचे औषध अंगात हळूहळू उतरत राहते ते, द्यायचे असते. पिशवीत ॲम्प्यूल, सुया, धारदार वस्तूंचा पिवळा डबा, प्रिस्क्रिप्शन कार्ड आणि रक्तदाबाचे यंत्र. इंजेक्शनला काही मिनिटेच लागतात. पण दार उघडताच मी पाहतो ते पायपुसण्यावर साठलेले, न फोडलेले तपकिरी लिफाफे. ही सरकारी भत्त्याच्या कार्यालयाची पत्रे असतात. ती फोडली गेली नाहीत तर फॉर्मची मुदत टळते, भत्ता थांबतो, भाडे थकते, आणि भाडे थकलेल्या माणसाचा आजार उफाळायला वेळ लागत नाही. मग शीतकपाटात दूध आहे का, पडदे भर दुपारी ओढलेले का, मागच्या खेपेला बंद असलेला दूरदर्शन संच आज भिंतीकडे तोंड करून का ठेवला आहे, हे सगळे बोलता बोलता टिपायचे असते. त्यानंतर आम्ही दोघे मिळून लिफाफे फोडतो, फोन लावतो, प्रतीक्षेचे संगीत ऐकत बसतो. नर्सिंगच्या पदवीत हे शिकवत नाहीत, परंतु कामाचा निम्मा वेळ यातच जातो.

आणि दार उघडलेच नाही तर? शेजाऱ्याला विचारण्याची आपली सवय इथे चालत नाही, कारण दाराशी आलेली व्यक्ती मनोरुग्णांची नर्स आहे हे शेजाऱ्याला कळणे हाच गोपनीयतेचा भंग ठरतो. फोन करायचा, दारातून चिठ्ठी टाकायची, टीममधल्या त्या दिवशीच्या ड्युटी वर्करला कळवायचे, यापूर्वी असे झाले होते तेव्हा काय निघाले ते नोंदींत पाहायचे आणि धोका किती हे ठरवायचे. पूर्वी पोलिसांना सांगितले की ते जाऊन बघून येत. जुलै २०२३ मधल्या राष्ट्रीय करारानंतर मात्र जिवाला तातडीचा धोका नसेल तर पोलीस अशा कामासाठी सहसा जात नाहीत, त्यामुळे निर्णयाचा भार पुन्हा टीमवरच येतो. म्हणजे वरिष्ठांना विचारण्याची सोय असली तरी काय पाहिले आणि त्यावरून काय वाटते हे तुम्हालाच मांडावे लागते. डॉक्टर राउंडला आले की त्यांच्या मागे केसपेपर घेऊन उभे राहण्याची आपली शिकवण इथे आड येते. इथला मानसोपचारतज्ज्ञ बैठकीत तुम्हालाच विचारतो, “तुमचे मत काय?” आणि त्यावर गप्प राहणे हा नम्रपणा समजला जात नाही.

कायदाही नर्सच्या हातात बराच असतो, म्हणून येण्यापूर्वी त्याची तोंडओळख करून घ्या. इंग्लंड आणि वेल्सला १९८३ चा मेंटल हेल्थ ॲक्ट लागू आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. कलम २ खाली तपासणीसाठी जास्तीत जास्त २८ दिवस आणि कलम ३ खाली उपचारासाठी प्रथम सहा महिन्यांपर्यंत रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवता येते. स्वेच्छेने दाखल झालेला रुग्ण वॉर्ड सोडून निघाला आणि डॉक्टर लगेच येऊ शकत नसले, तर कलम ५(४) खाली केवळ नर्सच्या सहीवर त्याला सहा तासांपर्यंत थांबवता येते, आणि हा अधिकार मानसिक आरोग्य व बौद्धिक अक्षमता या दोन शाखांच्या नर्सेसनाच आहे. घरी असलेल्या रुग्णाला मात्र मी दाखल करू शकत नाही. त्यासाठी दोन डॉक्टरांच्या शिफारशी आणि त्या कामासाठी मान्यताप्राप्त असलेल्या अधिकाऱ्याचा अर्ज लागतो. तुम्ही आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वापरता, त्यातले आगाऊ निर्देश (कोणते उपचार हवे-नकोत हे रुग्णाने आधीच लिहून ठेवणे) आणि त्याने निवडलेला नामनिर्देशित प्रतिनिधी तुम्हाला ठाऊक आहेत. मुलाखतीत त्यांचा उल्लेख जरूर करा. भारतातल्या नर्सला हक्कांची भाषा येते, हे समोरच्यांना बहुधा अपेक्षित नसते.

तुमच्या आणखी एका अनुभवाची किंमत तुम्ही कमी लावता आहात, असे तुमच्या पत्रावरून वाटले. अंगात येते म्हणून आधी देवऋषाकडे आणि मग तुमच्याकडे आणलेल्या बाया-माणसांना, त्यांच्या घरच्यांचा पाणउतारा न करता औषधापर्यंत नेणे हे कौशल्य आहे. साताऱ्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि परिवर्तन संस्थेचे काम तुमच्या डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे हे निराळे सांगायला नको. इथे ब्रॅडफर्ड, लीड्स, लेस्टर अशा शहरांतली दक्षिण आशियाई कुटुंबेही झाडफूक करून मगच आमच्याकडे येतात, आणि त्यांच्याशी कसे बोलावे हे इथल्या सहकाऱ्यांना अनेकदा उमगत नाही.

तरीही आल्याआल्या कम्युनिटीची नोकरी धरण्याचा आग्रह करू नका. अशा बहुतेक जागा बँड ६ च्या, म्हणजे नव्या नर्सच्या बँड ५ या वेतनश्रेणीच्या वरच्या पायरीच्या, असतात. त्यांना इथल्या नोंदणीनंतरचा अनुभव आणि गाडी चालवण्याचा परवाना लागतो. बँड ५ वर एखाद्या तीव्र आजाराच्या वॉर्डात वर्ष-दोन वर्षे काढा. कायदा, नोंदी लिहिण्याची पद्धत आणि स्थानिक बोलीचा कान, तिन्ही तिथे तयार होतात. नोंदींचे महत्त्व किती सांगू? प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी संगणकावर लिहावे लागते, आणि एखाद्या रुग्णाचा मृत्यू झाला तर चौकशीत तुमचे वाक्यन्‌वाक्य वाचले जाते. “रुग्ण ठीक” असे लिहून भागत नाही.

गाडीचे म्हणाल तर भारतीय परवान्यावर इथे स्थायिक झाल्यापासून १२ महिने चालवता येते. त्यानंतर इथली लेखी व प्रत्यक्ष चाचणी द्यावीच लागते. तुम्ही साताऱ्यात स्कूटीवर फिरत असाल तर निघण्यापूर्वी चारचाकी शिकून घ्या. इथे शिकवणीचे दर जबर आहेत, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडल्यावर अनोळखी वस्तीत बसची वाट पाहत भेटी उरकणे जमण्यासारखे नाही.

पैशांचे थोडक्यात सांगतो. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात बँड ५ ची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून आणि बँड ६ ची ३८,६८२ पौंडांपासून होती. त्यातून कर, निवृत्तिवेतनाची कपात आणि भाडे वजा करा, रुपयांत गुणाकार करून हुरळू नका. ब्रिटिश सरकारच्या आचारसंहितेनुसार भरती करणाऱ्या एजन्सीला उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेता येत नाही. कोणी मागितले तर तिथेच उठा. करारात नोकरी लवकर सोडल्यास किती रक्कम परत करायची हे कलम असते, ते सही करण्यापूर्वी वाचा. अनुभवपत्रात मनोरुग्ण विभागातला कालावधी आणि जबाबदाऱ्या वेगळ्या लिहून घ्या. नुसते “स्टाफ नर्स” लिहिलेला कागद निरुपयोगी आहे.

आपल्याकडच्या लग्न झालेल्या सिस्टरांचा हमखास अडकणारा मुद्दा म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत तेच, आणि पासपोर्टवर यजमानांचे नाव व सासरचे आडनाव, अशी तुमची स्थिती असेल तर भाषेच्या परीक्षेची तारीख घेण्याआधी हे निस्तरा. लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि कौन्सिलकडची दुरुस्ती यांत महिने जाऊ शकतात, आणि भाषेच्या निकालाची मुदत तोवर सरत राहते.

कुटुंबाबद्दल. मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही, हे तुम्ही ऐकले आहे ते केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर यांच्यापुरते आहे. नोंदणीकृत नर्सच्या पदावर येणाऱ्यांना हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर पती आणि मुले आणता येतात, व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा आरोग्य अधिभार भरावा लागत नाही आणि यजमानांना नोकरीही करता येते. येण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी लागते. कायम वास्तव्याचे नियम सध्या बदलत आहेत, त्यामुळे पाच वर्षांचा जुना हिशेब धरून घर विकण्यासारखे निर्णय घेऊ नका. नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑस्कीचा पहिला प्रयत्न द्यावा लागतो, आणि त्या काळात लहान मूल, नवे घर आणि अभ्यास एकत्र सांभाळणे अवघड जाते. म्हणून आधी एकट्या या. साताऱ्यातली मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होते आणि इथली सप्टेंबरात. तुम्ही हिवाळ्यात येऊन ऑस्की आणि भाड्याचे घर मार्गी लावलेत आणि तिथले शालेय वर्ष संपल्यावर दोघांना बोलावलेत, तर तिचे वर्ष फुकट जाणार नाही.