डाउनबर्स्टला ‘ढगफुटी’ म्हणावं का?

वादळी ढगातून उतरणारा वारा, म्हणजे ‘डाउनबर्स्ट’, प्रयोगशाळेत घडवून इमारतींवर त्याचा परिणाम कसा तपासतात, यावरच्या लेखाचं तुम्ही भाषांतर करताय, आणि ‘ढगफुटी’ चालेल का, असं विचारताय.

नाही चालणार. ढगफुटी पावसाची असते. डाउनबर्स्टमध्ये कोसळते ती थंड, जड हवा. काही वेळा पाऊस वाटेतच वाफ होऊन विरतो आणि जमिनीवर थेंबही पोचत नाही. उलट त्या विरण्यानेच हवा आणखी गार होऊन वेग घेते. ‘वावटळ’ही नको, ती गरगरते. हा वारा सरळ खाली आदळून चहूकडे फाकतो. हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी त्याला ओळखलं ते पडझडीच्या या मांडणीवरूनच. अशीच केंद्रापासून बाहेर आडवी झालेली झाडं त्यांनी १९४५ साली अणुबाँबनंतरच्या नागासाकीत पाहिली होती. पुढे १९७५ च्या न्यूयॉर्कमधल्या विमान अपघाताचा उलगडा करताना त्यांनी हाच वारा कारण म्हणून पुढे आणला.

‘पडवारा’ हा शब्द पटकन सुचतो, पण तो घात करेल! मराठीत ‘वारा पडला’ म्हणजे शांत झाला. त्यापेक्षा ‘कोसळधार’च्या चालीवर ‘कोसळवारा’ करा, असं माझं मत. कोसळण्यात वजन आहे, अचानकपणा आहे आणि दिशाही आहे.

‘सिम्युलेशन’साठी मात्र ‘आभासी’ लिहू नका. कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या ‘विंडई’ या वाऱ्याच्या प्रयोगांसाठीच्या षटकोनी घुमटात १०६ पंखे आहेत आणि तिथे खरीखुरी हवा वरून जमिनीवर आदळवतात. तेव्हा ‘प्रयोगशाळेत कोसळवारा घडवला’ हे साधं क्रियापद पुरेसं आहे. तो आदळणारा झोत म्हणजे ‘आदळझोत’.

राहिला ‘नोज’ हा शब्द. नेहमीच्या वाऱ्याचा वेग उंचीबरोबर वाढत जातो, आणि इमारतींचे आराखडे बहुधा तेच धरून केलेले असतात. कोसळवाऱ्यात सर्वाधिक वेग सहसा जमिनीपासून शंभरेक मीटरांच्या आत असतो, त्याच्या वर तो घटतो. विजेच्या वाहिन्यांचे मनोरे मोडतात त्यामागे हा वाराही असतो. उंची आणि वेगाचा आलेख काढला की खालच्या बाजूला एक फुगवटा पुढे येतो, त्याला संशोधक नाक म्हणतात. तिथे ‘नाक’च ठेवा; ‘उच्चतम वेगबिंदू’ लिहिलंत तर आकार डोळ्यांपुढे येणार नाही.