मैनेच्या चित्राखाली नाव कोणाचे?

प्रश्न : एका जुन्या दिनदर्शिकेत बोरीच्या फांदीवर बसलेल्या भांगपाडी मैनेचे चित्र आहे. त्याखाली ‘कंपनी शैली, लेडी इम्पी संग्रह, १७७७’ एवढेच छापलेले आहे. हे चित्र कोणी काढले आणि पक्षिशास्त्राच्या दृष्टीने त्याला काही मोल आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे चित्र पाटण्याचे शेख झैनुद्दीन यांचे असून सध्या ते अमेरिकेतील मिनीअ‍ॅपोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश एलिजा इम्पी यांच्या पत्नी मेरी, म्हणजेच लेडी इम्पी, यांनी पाळलेल्या पशुपक्ष्यांची चित्रे झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या तिघांकडून करून घेतली. अशी तीनशेहून अधिक चित्रे तयार झाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक पक्ष्यांची होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या अशा चित्रांना ‘कंपनी शैली’ म्हणतात. कागद विलायती, मोकळी पांढरी पार्श्वभूमीही विलायती वळणाची. पण पिसामागून पीस रेखणारा हात मोगल परंपरेत तयार झालेला, म्हणजे जहांगीरच्या दरबारातील चित्रकार मन्सूरचा वारसा सांगणारा. आपल्या चित्रात मैनेइतकेच फांदीकडेही लक्ष द्यावे. तिथे टसर रेशमाच्या कुळातील दोन पतंग, एक सुरवंट आणि कोष आहे. या सुरवंटांना बोरीचा पाला चालतो, हे ध्यानात घेतले की ही मांडणी निव्वळ शोभेची राहत नाही.

पक्षिशास्त्रातील मोलाविषयी सांगायचे, तर जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाला हिंदुस्थानातील पक्ष्यांवर लिहिताना या संग्रहाचा मोठा उपयोग झाला. उत्तराखंडचा राज्यपक्षी असलेल्या मोनालच्या शास्त्रीय नावात, ‘लोफोफोरस इम्पेजानस’मध्ये, इम्पी हे आडनाव आहे ते त्यानेच दिलेले. भवानी दास यांनी गुलाबी डोक्याचे बदकही रंगवले होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते कोणी खात्रीशीरपणे पाहिलेले नाही, त्यामुळे ते चित्र आज पुराव्याइतके महत्त्वाचे ठरते.

राहिला प्रश्न नावाचा. मेरी इम्पी यांच्यावर श्रेय लाटल्याचा ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण संग्रहातील कित्येक चित्रांवर त्यांच्या नावासोबत चित्रकाराचे नाव आणि ‘पाटण्याचा रहिवासी’ असा उल्लेखही आहे. १८१० मध्ये लंडनमध्ये लिलाव होऊन संग्रह विखुरला आणि पुढे ‘कंपनी शैली’ या सरधोपट शिक्क्याखाली चित्रकार झाकले गेले. लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयाने २०१९ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात ही चित्रे चित्रकारांच्या नावानिशी मांडली गेली. दिनदर्शिका छापणाऱ्यांनाही ते सहज जमले असते.