गप्प बसणारा सहकारी लाजाळू असतो, की त्याची संस्कृती तशी असते?

तुमचा प्रश्न असा आहे की, दुसऱ्या देशातून आलेला तुमचा एक सहकारी बैठकीत कधीच आपणहून बोलत नाही. हा त्याचा स्वभाव समजावा की त्याच्या संस्कृतीचा परिणाम, आणि एकूणच संस्कृती माणसाचे व्यक्तिमत्त्व कितपत घडवते? मी मानसशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात कोणी ना कोणी विचारतेच. माझे मत आधीच सांगून टाकतो. संस्कृती माणसाचा पिंड फारसा बदलत नाही. तो पिंड कुठे, कोणासमोर आणि किती उघड व्हावा, हे मात्र ती बऱ्याच अंशी ठरवते, आणि दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ कसा लावावा हेही तीच शिकवते.

पिंडाविषयी थोडक्यात सांगतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, बहिर्मुखता किंवा भावनिक स्थैर्य यांसारख्या गुणांत एकाच समाजातील लोकांमध्ये जो फरक आढळतो, त्यातील साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेला सगळा वाटा संस्कृतीच्या खात्यावर टाकण्याची घाई करू नये, कारण एकाच घरात आणि एकाच संस्कारांत वाढलेली सख्खी भावंडेही स्वभावाने दोन टोकांची निघू शकतात. बोलके आणि अबोल, शांत आणि तापट असे सर्व नमुने प्रत्येक समाजात सापडतात.

संस्कृतीचा खरा प्रभाव अर्थ लावण्याच्या रीतीत दिसतो. याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण जोन मिलर यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले आहे. त्यांनी शिकागोतील अमेरिकन आणि म्हैसूरमधील हिंदू, अशा दोन्हीकडच्या मुलांना व प्रौढांना इतरांच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणे विचारली. त्यातील एक प्रसंग असा होता: एक वकील मोटारसायकलवरून न्यायालयात निघालेला असताना अपघात होतो आणि मागे बसलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागतो. वकील त्याला रुग्णालयात पोहोचवतो, पण दुखापत किती गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच न्यायालयात निघून जातो, आणि पुढे तो जखमी दगावतो. असे प्रसंग समजावून सांगताना अमेरिकन प्रौढांचा कल ‘तो बेजबाबदार आहे’ अशा स्वभावदर्शक कारणांकडे होता, तर भारतीय प्रौढ परिस्थितीकडे बोट दाखवत: अशिलासाठी न्यायालयात हजर राहणे हे त्याचे कर्तव्यच होते, जखमी वरवर पाहता गंभीर वाटलाही नसेल. या अभ्यासातील अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ही दृष्टी घेऊन कोणी जन्माला येत नाही, मोठ्या माणसांचे बोलणे ऐकत ऐकत ती अंगवळणी पडते.

हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये याला सैद्धांतिक चौकट दिली. काही समाजांत माणूस स्वतःकडे इतरांपासून वेगळी, स्वयंपूर्ण व्यक्ती म्हणून पाहतो, तर काही समाजांत नात्यांनी बांधलेली व्यक्ती म्हणून. पहिल्या समाजात स्वतःचे मत ठामपणे मांडणे परिपक्वतेचे लक्षण ठरते. दुसऱ्यात समोरच्याचा कल ओळखून स्वतःला आवर घालणे परिपक्वतेचे ठरते. दोन्हीकडची माणसे आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतात. मात्र या चौकटीचा पुढे अतिरेक झाला आणि ‘पाश्चात्त्य म्हणजे व्यक्तिवादी, पौर्वात्य म्हणजे समूहवादी’ असे शिक्के सर्रास मारले जाऊ लागले, हे मला पटत नाही. एकाच देशात शिक्षण, शहरीकरण आणि व्यवसाय यांमुळे पडणारे फरकही मोठे असतात. चीनमधील भातशेतीच्या व गव्हाच्या प्रदेशांतील विद्यार्थ्यांच्या विचारपद्धतीत फरक आढळल्याचा थॉमस टॅलहेम व सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास हेच सुचवतो.

शिवाय एकाच माणसात दोन संस्कृती सुखाने नांदू शकतात. यिंग-यी हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाँगकाँगमधील विद्यार्थ्यांना आधी चिनी किंवा अमेरिकन संस्कृतीची ठळक चिन्हे दाखवली आणि मग माशांचे एक चित्र समोर ठेवले, ज्यात एक मासा बाकीच्या थव्याच्या पुढे पोहत होता. तो पुढे का आहे? त्याच्या स्वतःच्या इच्छेमुळे, की मागच्या माशांमुळे? चिनी चिन्हे पाहिलेल्यांनी मागच्या माशांवर आधारलेले स्पष्टीकरण तुलनेने अधिक पसंत केले. काही मिनिटांत कोणाचा स्वभाव बदलत नाही. बदलला तो चष्मा.

देशादेशांतील ‘सरासरी स्वभावा’ची तुलना करणारे तक्ते मात्र जरा जपूनच वाचावेत. स्वतःला गुण देताना माणूस आजूबाजूच्यांशी तुलना करतो, त्यामुळे जिथे शिस्तीचा मापदंडच कडक आहे तिथे शिस्तप्रिय माणूसही स्वतःला कमी गुण देतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५६ देशांच्या पाहणीत कर्तव्यदक्षतेच्या स्वमूल्यमापनात पूर्व आशिया तळाशी आला, याचे एक संभाव्य कारण हेच असावे. उलट बाजूने, ‘अमुक देशाचे लोक असेच’ या समजुतींचीही परीक्षा झाली आहे. २००५ मध्ये ४९ संस्कृतींच्या अभ्यासात, लोकांच्या मनातील राष्ट्रीय स्वभावचित्रे आणि प्रत्यक्ष मोजलेले सरासरी गुण यांचा मेळ बसला नाही. मापनपट्टीही सर्वत्र सारखी लागू पडत नाही: व्यक्तिमत्त्वाचे सुप्रसिद्ध पाच घटक (बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, कर्तव्यदक्षता, मनमिळाऊपणा आणि नव्याविषयीची ओढ) बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासी लोकांमध्ये, २०१३ च्या अभ्यासानुसार, तसे वेगवेगळे सापडलेच नाहीत. मुळात मानसशास्त्राचे पुष्कळसे निष्कर्ष पाश्चात्त्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवरूनच काढलेले आहेत, ही तक्रार जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सविस्तर मांडली, आणि ती रास्त आहे.

आता तुमच्या सहकाऱ्याविषयी. बैठकीत तो गप्प असतो, एवढ्या माहितीवरून काहीच ठरवता येणार नाही, कारण परक्या भाषेचा संकोच, नवखेपणा किंवा वरिष्ठांसमोर न विचारता बोलू नये असा संस्कार, यांपैकी कशामुळेही तो तसा वागत असेल. त्याची तुलना तुमच्याशी न करता त्याच्याच समाजातील इतरांशी करावी आणि वेगवेगळ्या प्रसंगी तो कसा असतो ते पाहावे. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत तो मोकळेपणाने गप्पा मारत असेल, तर त्याला लाजाळू म्हणण्यात अर्थ नाही. तिथेही तो अबोलच असेल, तर तो पिंड समजावा. आणि त्याचे मत हवे असेल, तर बैठकीआधी विषय कळवून ते लेखी मागवावे, किंवा बैठकीत नाव घेऊन विचारावे. गप्प बसण्यामागे स्वभाव असो वा संस्कृती, हा उपाय चालतो.