जाणवणारे तापमान उणे १७ म्हणजे नेमके काय?

ॲपवर तापमान उणे ८ आणि त्याखाली ‘जाणवणारे’ उणे १७ दिसते, त्यांपैकी कोणता आकडा खरा मानायचा, घराबाहेरची पाण्याची नळी कोणत्या आकड्याने गोठेल आणि अशा दिवशी फिरायला जाताना कपडे किती घालावेत, असे आपण विचारले आहे.

दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. उणे ८ हे हवेचे तापमान आहे. उणे १७ हा विंड चिलचा आकडा आहे आणि तो कोणत्याही वस्तूचे तापमान सांगत नाही. ताशी सुमारे ३० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्यातून उष्णता ज्या वेगाने निघून जाते, त्याच वेगाने ती वारा जवळजवळ नसताना जायची असेल तर हवा किती थंड असावी लागेल, याचा तो हिशेब आहे. शरीर कातडीलगत उबदार हवेचा एक पातळ थर सतत तयार करत असते आणि वारा तो तितक्याच सतत उडवून लावतो.

यातच नळीचे उत्तर येते. वाऱ्यामुळे नळी लवकर गार होईल, पण उणे ८ च्या खाली जाणार नाही. ती गोठली तर उणे ८ मुळे गोठेल, उणे १७ मुळे नव्हे. हवा २ अंशांवर असून वाऱ्यामुळे उणे ५ ‘जाणवत’ असेल, तर पाणी गोठणार नाही आणि कोरड्या कातडीला हिमदंशही (थंडीने कातडी गोठणे) होणार नाही. गारठून शरीराचे तापमान घसरण्याचा धोका मात्र तेव्हाही असतो.

हा आकडा कुठून आला हे ठाऊक असले, तर त्याच्यावर किती विसंबावे हे कळते. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यातले पाणी वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेले जुने कोष्टक थंडी फुगवून सांगत असे. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने नवे सूत्र स्वीकारले. त्यासाठी स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता किती वेगाने जाते हे पाहिले गेले. म्हणजे हा आकडा कोरड्या, उघड्या चेहऱ्याचा, चालत्या माणसाचा आणि ऊन नसतानाचा आहे. कपडे ओले असतील किंवा माणूस थांब्यावर निश्चल उभा असेल, तर प्रत्यक्ष धोका त्याहून मोठा असतो आणि ॲप तो दाखवत नाही.

याच सूत्रातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हवा उणे २० असताना ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्याने जाणवणारे तापमान उणे २७ होते, ३० च्या वाऱ्याने उणे ३३ आणि ५० च्या वाऱ्याने उणे ३५. सर्वांत मोठी घसरण पहिल्या मंद झुळुकीतच होते. म्हणून ‘आज वारा फारसा नाही’ या समाधानात अर्थ नाही, आणि सायकल चालवणाऱ्याने तर स्वतःच्या वेगाचा वाराही हिशेबात धरावा.

उणे १७ ला नीट कपडे घातलेल्या निरोगी माणसाने फिरायला हरकत नाही. लहान मुले आणि वृद्ध यांचा बाहेरचा वेळ मात्र कमी ठेवावा. हा आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत.

कपड्यांच्या बाबतीत जाडीपेक्षा वारा अडवणे आणि कोरडे राहणे महत्त्वाचे आहे. अंगालगत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारे कृत्रिम कापड असावे, सुती नको, कारण घामाने भिजलेले सुती कापड ऊब धरत नाही. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर वारा आत न येऊ देणारे जाकीट घालावे. दोन जाड स्वेटरांतून वारा आरपार जातो, हे पैसे खर्च करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. चढावर घाम येऊ लागताच एक थर उतरवावा. बोटे एकत्र राहणारे हातमोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार असतात. बुटात मोज्यांची दुसरी जोडी कोंबून पाऊल आवळले गेले, तर रक्तपुरवठा कमी होऊन पाय उलट लवकर गार पडतात.

हिमदंशाची सुरुवात नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, गाल आणि बोटे यांपासून होते. आधी टोचते, मग बधिरपणा येतो आणि वेदना थांबल्याने बरे वाटू लागते. फसगत इथेच होते. कातडी पांढुरकी आणि मेणासारखी दिसते. सावळ्या रंगावर हा बदल राखाडी आणि पुसट असतो, म्हणून सोबत्यांनी एकमेकांचे चेहरे अधूनमधून जवळून पाहावेत. तो भाग चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही. बधिर कातडीला चटका कळत नसल्याने शेकोटी किंवा हीटरपुढे धरू नये. निवाऱ्यात आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर वाटेत ऊब देऊ नये, कारण दुसऱ्यांदा गोठल्यास इजा अधिक होते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया म्हणतात. सोबतच्याला जाकिटाची चेन लावता येईनाशी झाली, बोलणे अडखळू लागले, तो उगाच चिडू लागला, तर तिथूनच परत फिरावे. ओले कपडे काढून आधी छाती, मान आणि पोट यांना ऊब द्यावी. शुद्धीत असून गिळता येत असेल, तरच गरम गोड पेय द्यावे. मद्य देऊ नये. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. अंग गारच असताना थरथर थांबली, तर प्रकृती सुधारली असे न समजता ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्या व्यक्तीला आडवे ठेवून फार न हलवता झाकून ठेवावे.