नाताळात फोन कोण उचलणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच आठवड्याबद्दल आहेत, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. साहजिक आहे. मीही तेवीस वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली, त्यातली बरीचशी टेबलाखाली वायरी चाचपत. नाताळ कधी घरी केला आणि कधी सर्व्हर रूममध्ये, हे बायकोला माझ्यापेक्षा नीट आठवतं.

प्रश्न : मुलगा पुण्यात आयटीत आहे, काम अमेरिकेच्या कंपनीचं. दिवाळीत चार दिवस आला, पण मांडीवरचा लॅपटॉप काही उतरला नाही. म्हटलं, नाताळात तिकडच्या साहेबांना सुट्टी असते, तेव्हा तरी निवांत ये. तर म्हणतो, ‘आई, तिकडे सुट्टी आहे म्हणूनच मला ड्यूटी आहे.’ हे कसं काय? की यायचं नाही म्हणून काहीतरी सांगतोय?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. निदान या बाबतीत तरी नाही. सुट्टीवर तिकडची माणसं जातात, यंत्रं चालूच असतात. उलट दुकानं, बँका, कुरिअरवाले यांची तिकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी याच दिवसांत. म्हणून बऱ्याच कंपन्या डिसेंबरच्या मध्यापासून ‘फ्रीज’ लावतात. चालू सिस्टिमला हात लावायचा नाही, नवीन काही चढवायचं नाही. गौरी बसल्यावर आपण घरात रंगकाम काढतो का? तसंच. मग तुमच्या मुलाला काम कसलं, तर राखणीचं. काही बंद पडलं तर उठवायचं, आणि पडलं नाही तर पडेल का म्हणून बघत बसायचं. दुसरं जास्त दमवतं.

न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. नऊ तासांची शिफ्ट धरली तर सुटेपर्यंत पहाटेचे साडेतीन. मग कॅबची वाट, खोलीवर पोहोचणं. तुम्ही सकाळी नऊला फोन करता तेव्हा त्याची मध्यरात्र असते. दुपारी दोननंतर करून बघा, आवाजातला फरक लगेच कळेल.

संक्रांतीलाही बोलावू नका. फ्रीज उठला की अडवून ठेवलेली सगळी कामं त्याच सुमारास अंगावर येतात. नाताळातल्या ड्यूटीच्या बदल्यात कॉम्प-ऑफ मिळत असेल तर तो २६ जानेवारीला जोडून घे म्हणावं, आणि ते डिसेंबरातच मेलवर मागून ठेव म्हणावं. जानेवारीत कुणाला काही आठवत नाही.

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. टीममध्ये आम्ही अकरा जण. दरवर्षी दिवाळीत ड्यूटी मी घेते, आनंदाने. यंदा २४ च्या रात्रीही माझंच नाव लावलंय. कारण काय, तर ‘क्लायंट बंद आहे, फोन येणारच नाही, घरूनच तर बसायचंय.’ मला मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचंय. लॅपटॉप घेऊन चर्चच्या बाकावर बसू का?
— एक वाचक, वसई

उत्तर : अजिबात बसू नका. ज्यांना एवढी खात्री आहे की फोन येणार नाही, त्यांनीच तो घ्यावा.

माझ्या एका २५ तारखेची गोष्ट सांगतो. ऑफिस बंद, फोन माझ्याकडे, ‘येणारच नाही’ या बोलीवर. दुपारी अडीचला सिक्युरिटीच्या मामांचा फोन आला, ‘साहेब, त्या खोलीतनं शिट्टी वाजतीय.’ स्कूटर काढून गेलो. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला होता, काचेतून आतल्या तापमानाचा आकडा दिसत होता : ३८. दाराची किल्ली ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली ॲडमिनच्या खिशात आणि ॲडमिन गोव्यात. शेवटी मामांनी पेचकसाने ड्रॉवर उचकटला. दार उघडलं तर तोंडावर भट्टीची झळ. आग विझवायचा लाल सिलिंडर दाराला अडकवला, मामांच्या केबिनमधला पेडेस्टल फॅन आणून आत लावला. तरी आकडा खाली येईना. काही मशीन बंद करायला हवी होती. पण कुठली बंद केली तर चालतील, हे ठरवायचा अधिकार मला नव्हता, आणि ज्यांना होता त्यांचे फोन लागत नव्हते. चाळीस मिनिटं मी फॅनसमोर उभा राहून त्या आकड्याकडे बघत होतो. मग मनानेच तीन बंद केली. त्यातलं एक चुकीचं निघालं आणि २६ तारखेला बोलणी खाल्ली. ड्रॉवर उचकटल्याबद्दल वेगळी.

सांगायचा मुद्दा, घरून असो की ऑफिसातून, ड्यूटी ती ड्यूटीच. तुमच्याबाबत पहिलं काम, मॅनेजरला आजच मेल करा. विनवणीचा सूर नको. गेल्या दिवाळ्यांच्या ड्यूटीच्या तारखा लिहा, २४ ची रात्र आणि २५ चा दिवस मोकळा हवा असं लिहा, आणि बदलीला कोण तयार आहे त्याचं नावही आधीच विचारून ठेवा. दिवाळीत तुमच्या जिवावर घरी गेलेले दहा जण आहेत, एकजण मिळेलच. नाही मिळाला तर ती मॅनेजरची डोकेदुखी, तुमची नव्हे.

आणि जो कोणी घेईल त्याने मॅनेजरकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. अडलं तर फोन कुणाला करायचा आणि तो खरंच उचलणार का. तो नाही लागला तर निर्णय कुणी घ्यायचा. आणि काहीही झालं तरी हात कशाला लावायचा नाही. मला त्या दुपारी दुसरी गोष्ट माहीत असती तर चाळीस मिनिटं वाचली असती. त्या सहकाऱ्याला नाताळच्या फराळाचा डबा मात्र २६ ला पोहोचलाच पाहिजे, भरगच्च.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलो. नाताळच्या आठवड्यात मजल्यावर मी आणि कॉफी मशीन. सिनिअर म्हणाले, ‘शिकून घे काहीतरी.’ काय शिकू?
— एक फ्रेशर, हिंजवडी

उत्तर : गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रॅमरने १९८९ च्या नाताळात, ऑफिस बंद म्हणून वेळ घालवायला काहीतरी हवं, या विचाराने पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला घेतली. तुम्ही नवी भाषा काढावी असं माझं म्हणणं नाही. कोडी आवडत असतील तर ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ आहे. डिसेंबरच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याचं नवीन कोडं आपल्याकडे सकाळी साडेदहाला उघडतं, म्हणजे कॉफीच्या वेळेलाच. जुनी कोडी नंतरही सोडवता येतात.

पण मला विचाराल तर यादी करा. ९ डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजे या, प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक जगजाहीर झालं. गांभीर्याला १० पैकी १० गुण. लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर लिहिला गेला की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवू शकत होता. दुरुस्तीची २.१५ आवृत्ती आली, ती अपुरी म्हणून २.१६, मग २.१७, आणि २८ डिसेंबरला २.१७.१. आमचं दापोलीचं बुकिंग २.१६ ला रद्द झालं. पॅच चढवणं अवघड नव्हतं. ती लायब्ररी आमच्याकडे नक्की कुठे कुठे आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सर्व्हरची यादी एका एक्सेलमध्ये होती, दोन वर्षं कुणी न उघडलेली, आणि करणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. जार म्हणजे जावाच्या फाइलींचं गाठोडं. एका जारच्या पोटात दुसरा जार, त्याच्या पोटात आणखी एक.

तेव्हा कुठल्या मशीनवर काय चालतं, ते बंद पडलं तर कोण ओरडतं, सर्टिफिकेट कधी संपतं, एवढं टिपा. तीन दिवस सहज जातील आणि ऑफिसची जेवढी माहिती होईल तेवढी ट्रेनिंगमध्येही झाली नसेल.

वेळ उरला तर कोडमध्ये कॅपिटल ‘वाय’ शोधा. जावाच्या तारखेत लहान वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, कॅपिटल वाय म्हणजे आठवड्याचं वर्ष, तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते. एरवी बहुतेक दिवस दोन्हींचं उत्तर सारखंच येतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही. पण ३१ डिसेंबर २०२४ मंगळवारी आला आणि तो आठवडा २०२५ चा पहिला धरला जातो. कॅपिटल वाय लिहिलेल्या बिलावर त्या दिवशी ३१ डिसेंबर २०२५ छापलं गेलं असणार! फ्रीज असल्यामुळे सापडला तरी लगेच दुरुस्त करू नका. तिकीट टाका, म्हणजे दुरुस्तीच्या कामांत त्याची नोंद करा, आणि सिनिअरला सांगा.

प्रश्न : ‘नाताळचं गिफ्ट व्हाउचर’ असा एचआरचा मेल आला, मी क्लिक केलं. फसव्या मेलला कोण भुलतं, याची ती कंपनीनेच घेतलेली परीक्षा होती! आता सक्तीचं ट्रेनिंग आहे आणि टीम हसतेय. मी स्वतः टेस्टिंगमध्ये आहे हो.
— एक खजील वाचक, नाशिक

उत्तर : डिसेंबर १९८७ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या क्लाउस्टालच्या एका विद्यार्थ्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला. चालवला की पडद्यावर अक्षरांचं ख्रिसमस ट्री उमटायचं, खाली शुभेच्छा. तुम्ही झाड बघत असताना तो तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायचा. विद्यापीठांना जोडणाऱ्या बिटनेट या नेटवर्कवरून पसरत पसरत तो आयबीएमच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरला आणि तिथली वाहतूक तुंबवली. आपोआप काही होत नव्हतं. प्रत्येकाने आपल्या हाताने नाव टाइप करून तो चालवला होता, आणि हे सगळे संगणकात मुरलेले लोक होते. ट्रेनिंगला जा, शेवटच्या रांगेत बसा. हसणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच भेटतील.

प्रश्न : ऑफिसात चिठ्ठ्या टाकून गुपचूप भेट द्यायचा ‘सीक्रेट सांता’ आहे, त्यात मला मॅनेजरचं नाव आलंय. मर्यादा ५०० रुपये. काय देऊ?
— नाव नको, पुणे

उत्तर : कॉफीचा मग नको, त्यांच्याकडे सात असतील. दोन मीटरची चार्जिंगची वायर द्या, मीटिंग रूममध्ये प्लग नेहमी लांबच असतो. मला शेवटच्या वर्षी टीमने टॉर्च दिला होता, टेबलाखाली शिरायला. अजून चालतो, सेल तेवढे दोनदा बदलले.