युगांडातल्या निर्वासित वस्त्यांत मुलंच धाकट्या भावंडांना वाढवतात असं वाचलं. अशा मुलांना सरळ अनाथाश्रमात का ठेवत नाहीत?

कारण ते बहुतेक वेळा त्यांच्या भल्याचं नसतं. मी उत्तर युगांडातल्या अरुआ शहरात राहून बिडिबिडी या निर्वासित वस्तीत एका संस्थेसाठी बालसंरक्षणाचं काम करत होते. २०२५ मध्ये निधी आटला आणि आमचा प्रकल्प बंद पडला. तोवर जे पाहिलं त्यावरून लिहिते.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण सुदानच्या जुबा शहरात पुन्हा लढाई पेटली आणि येई, काजो केजी या भागांतली माणसं सीमा ओलांडून युगांडात येऊ लागली. ऑगस्टमध्ये युंबे जिल्ह्यातल्या झुडपी माळरानावर बिडिबिडी सुरू झाली. डिसेंबरपर्यंत तिथे अडीच लाखांच्या वर लोक झाले आणि नव्यांना घेणं थांबवावं लागलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच. कुणाची आई वाटेत चुकलेली, कुणाची मागे राहिलेलं शेत बघायला परत गेली ती आलीच नाही. काही मुलं शेजाऱ्यांच्या सोबतीने आली, काही एकटीच, धाकट्यांना कडेवर घेऊन.

अनाथाश्रमात घातलं की वयाप्रमाणे, मुलगा-मुलगी याप्रमाणे भावंडं वेगळी होतात. सगळं गमावलेल्या मुलाकडे उरलेलं हे एकच नातं, तेही तोडायचं? शिवाय अनेकांचे आई-वडील जिवंत असतात, त्यांचा शोध चालू असतो. म्हणून आधी नातेवाईक शोधायचे, नाहीतर त्याच भाषेचं, त्याच भागातलं एखादं कुटुंब बघायचं. तेही जमलं नाही आणि भावंडांना एकत्रच राहायचं असेल, तर मोठं मूल तयार आणि समर्थ आहे का हे पाहून त्यांना त्यांच्याच झोपडीत आधार द्यायचा. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. 'आधार द्यायचा' हे मात्र त्यातच आलं, आणि आता नेमका तोच काढून घेतला जातोय.

मी जिच्या घरी नेमाने जायचे ती मुलगी सोळाएक वर्षांची होती, पाठची तीन भावंडं. रेशनात मका मिळायचा तो दाण्याचा. गिरणीवाल्याला द्यायला पैसे नसत, म्हणून त्यातलाच थोडा विकून दळणाचे पैसे भागवायचे. म्हणजे कागदावरचं रेशन आणि भांड्यातलं पीठ यांत आधीच फरक. रेशन घटल्यावर ती चूल एकदाच पेटवायची, तीही अंधार पडल्यावर. दुपारी जेवलं तर रात्री धाकटा भुकेने रडतो, रात्री जेवलं तर निदान झोपतो, असा तिचा हिशोब. सकाळी तिघं उपाशी शाळेत. ती स्वतः लाकडं आणायला लांब जायची, आणि त्या वाटेवर मुलींना काय काय सोसावं लागतं ते वस्तीत सगळ्यांना माहीत आहे.

कपात एका दिवसात झाली नाही. एप्रिल २०२० मध्ये रेशन ३० टक्क्यांनी कमी झालं, २०२१ मध्ये आणखी घटलं, २०२३ पासून गरजेप्रमाणे कुटुंबांचे गट पाडून त्यानुसार कमी-जास्त रेशन दिलं जाऊ लागलं. मग २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. हे रेशन देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा देणगीदार तोच देश. इतर श्रीमंत देशांनीही हात आखडता घेतला, आणि मे २०२५ मध्ये युगांडातल्या सुमारे १० लाख निर्वासितांचं अन्नसाहाय्य पूर्ण बंद झालं. निर्वासितांना तिथे जमिनीचा तुकडा मिळतो, काम करायची मुभा आहे, हे खरं. युगांडाने जे केलं ते कितीतरी श्रीमंत देशांनी केलेलं नाही. पण बिडिबिडीच्या खडकाळ तुकड्यावर एका शाळकरी मुलीने चार पोटं भरावीत ही अपेक्षाच क्रूर आहे.

धान्याची कपात निदान आकड्यांत दिसते, केसवर्कर, म्हणजे घरोघरी जाऊन अशा मुलांची विचारपूस करणारा कार्यकर्ता, गेलेला कुठेच दिसत नाही. एका केसवर्करकडे २५ पेक्षा जास्त मुलं नसावीत असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. आमच्याकडे निधी होता तेव्हाही तो निकष कधी पाळला गेला नाही, आता तर कित्येक घरांकडे कुणी फिरकतच नाही. ताप अंगावर काढलेला, शाळा सुटलेली, 'लग्न कर, भावंडांचं मी बघतो' म्हणत कुणी घिरट्या घालतोय, हे सगळं आम्हाला दारात बसून गप्पा मारतानाच कळायचं. परकं मूल घरात घेतलेल्या बायकाही आता म्हणतात, माझ्याच पोरांना पुरत नाही. त्यांना दोष कसा देणार?

तुम्हाला काही करावंसं वाटत असेल तर अनाथाश्रम बांधायला पैसे देऊ नका. मुलांना सांभाळणारी कुटुंबं, केसवर्करचे पगार आणि अन्न किंवा रोख मदत यांवर खर्च करणारी संस्था शोधा. देण्याआधी सरळ विचारा, एका केसवर्करकडे किती मुलं आहेत आणि तो त्यांच्या घरी किती वेळा जातो.